दाण्याला ऊन, पाण्याला सावली

मागच्या श्रावणातली गोष्ट आहे. सलग अकरा दिवस पाऊस असा कोसळत होता की पागोळ्यांच्या पडद्यापलीकडची माडाची झाडेसुद्धा दिसत नव्हती. बाराव्या सकाळी मी मागीलदारच्या पडवीला लागून असलेल्या खुराड्याची कडी काढली, तेव्हा दहा कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून उड्या टाकत बाहेर आल्या आणि अकरावी आली नाही. वाकून आत पाहिले, तर भुरी तुसाच्या गादीवर, दांडीच्या अगदी खाली, पंख मिटून पडली होती. उचलली तेव्हा हाताला तिचे वजनच जाणवले नाही. अंगावर जखम नव्हती, मुंगसाचा दात लागलेला नव्हता, पिसेही विस्कटलेली नव्हती. शेजारच्या काकी आल्या. त्यांनी तिच्या छातीवरची पिसे फुंकर मारून बाजूला केली, मधल्या हाडावरून बोट फिरवले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "उपासाने गेली ही." ते हाड विळीच्या पात्यासारखे वर आले होते. मी काहीच बोलले नाही, कारण भुरीपासून दोन हातांवर, खुराड्याच्या कोपऱ्यात, भरड्याने भरलेला डबा होता आणि त्याला लागूनच पाण्याचा ड्रिंकर होता. दोन्ही मीच आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरले होते.

भरल्या डब्यापासून दोन हातांवर एक कोंबडी उपाशी मेली, हे मला अजून पचलेले नाही.

कोंबड्यांचा डबा कुठे ठेवायचा आणि पाणी कुठे ठेवायचे, हा प्रश्न लहानपणापासून मला प्रश्न वाटलाच नव्हता, कारण माझ्या आजीने त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. माझे माहेर माण तालुक्यातले, म्हसवडच्या बाजूचे. तिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडला तरी माणसे समाधानी होतात. आजीच्या परसात एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी, उत्तरेच्या अंगाला, मातीचे एक परळ अर्धे जमिनीत पुरलेले असे. उत्तरेच्याच अंगाला का, तर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि बुंध्याची सावली त्या बाजूला पडते, भर उन्हाळ्यात तो डोक्यावर आला की वरच्या डहाळ्या सावली धरतात. हे आजीला कोणी शिकवले नव्हते. ती रोज पाहत होती. दाणे मात्र ती तिथे कधीच टाकत नसे. बाजरीचे चाळलेले भुसकट, जोंधळ्याची कणी, भाकरीचे तुकडे, जे असेल ते ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हाने तापलेल्या शेणसारवल्या जागेवर लांबवर फेकून पसरत असे. "दाण्याला ऊन, पाण्याला सावली," एवढेच ती म्हणायची. तिच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की मला ते 'दिवसाला सूर्य, रात्रीला चंद्र' या चालीचे, कधीही न बदलणारे काहीतरी वाटत असे.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. मोठी माणसे खडी फोडायला जात, आम्हा मुलांना सुकडी मिळे आणि घरात लाल मिलोच्या भाकरी होत, ज्यांचा तो उग्र वास आजही आठवला की घशाशी येतो. त्या वर्षी आजीने सोळापैकी बहुतेक कोंबड्या विकून टाकल्या, चारच ठेवल्या. पण परळ कोरडे पडू दिले नाही. भांडी विसळलेले पाणी एका घमेल्यात साठवायचे, राख खाली बसू द्यायची आणि वरचे निवळ पाणी वाटीने काढून परळात ओतायचे, हे माझे काम होते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगावर घामाच्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे चोच उघडी टाकून धापा टाकणे आणि पंख अंगापासून सुटे धरणे, एवढाच तिच्याकडे उष्णतेवरचा उपाय असतो आणि त्या प्रत्येक धापेसरशी तिच्या अंगातले पाणी जात असते. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत भागवणारी कोंबडी कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पाणी पिते, आणि पाणी तापलेले असेल तर तहान असूनही तोंड फिरवते. हे आकडे मी पुष्कळ पुढे वाचले. त्या वेळी एवढेच दिसत होते की दुपारी चारही कोंबड्या परळाभोवती बसून असत, चोच बुडवून मान आकाशाकडे उचलत, पुन्हा बुडवत आणि पुन्हा उचलत. आजी म्हणायची, पाणी पिताना कोंबडी प्रत्येक घोटाला देवाकडे बघते. खरे तर तिला पाणी ओढून गिळता येत नाही, मान वर करूनच ते घशाखाली उतरवावे लागते. मला दोन्ही कारणे सारखीच पटतात.

त्याच परळावर चिमण्या येत, होले येत, साळुंक्या येत, एक लंगडा कावळा येत असे. दुपारच्या त्या भट्टीत गावात दुसरीकडे कुठे उघडे पाणी उरले नव्हते. आजी कोणालाच हाकलत नसे.

लग्नानंतर मी रत्नागिरी जिल्ह्यात आले, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात आजीचे वाक्य अर्धे निकामी झाले. दाण्याला द्यायला ऊनच नव्हते. अंगणात टाकलेली तांदळाची कणी कोंबडीने टिपायच्या आत चिखलात रुतायची, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी आंबून तिच्यावर पांढुरकी लव यायची. माहेरी मातीच्या परळातले पाणी जितके गार होई, तितके इथे होत नाही, हेही हळूहळू ध्यानात आले. कोरड्या हवेत मातीच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि आतले निवते. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे ते उडणार कुठे. त्यातच परळाच्या अंगाला आठवड्याभरात हिरवे बुळबुळीत शेवाळ धरायचे आणि ते काथ्याने घासून काढताना माझी नखे हिरवी होत. सासूबाई माझी ही धडपड पाहत असत. एके दिवशी त्यांनी मला हाताला धरून चुलीपाशी नेले आणि वरच्या माळ्याकडे बोट दाखवले. तिथे कोंबड्यांच्या कणीचा पत्र्याचा डबा होता, धुराने काळा झालेला. "तुमच्याकडे ऊन असेल गं," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दाण्याला धूर." त्या डब्यातली कणी मुठीत घेतली तर ती खुळखुळ वाजत मोकळी व्हायची, चिकटायची नाही. त्या वासाची मला इतकी सवय झाली की पुढे गॅस आल्यावर आणि चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती उरल्यावरही मी डबा तिथेच ठेवला.

ओलसर दाण्याची भीती ही नुसती टापटिपीची गोष्ट नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कोणता रोग, हे कळेना. शेवटी शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी. त्या पेंडीवरच्या बुरशीने तयार केलेले विष म्हणजेच आज ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात ते. मका आणि शेंगदाण्याची पेंड आपल्या भरड्यातही असते, आणि दमट हवा तर आपल्याकडे मागायलाही लागत नाही. म्हणून डबा आणि पाणी अगदी शेजारी ठेवू नयेत. कोंबडी दोन चोची भरडा खाते, पाणी पिते आणि ओली चोच परत भरड्यात घालते; दिवसभरात डब्याच्या तोंडाशी लगदा साचतो आणि त्याला आंबूस वास यायला लागतो. दोन्हींत सहा-सात फुटांचे अंतर असेल, तर चालत जाताना तिची चोच बरीचशी कोरडी होते. हे मला ठाऊक होते, आणि तरीही त्या अकरा दिवसांत मी ड्रिंकर आणि डबा एकाच कोपऱ्यात ठेवले होते, कारण तेवढा एकच कोपरा गळत नव्हता.

खुराड्यात अन्नपाणी ठेवावे की ठेवू नये, यावर आमच्या वाडीत दोन मते आहेत आणि मी दोन्ही बाजूंनी भांडलेले आहे. काकींचे म्हणणे असे की आत काहीही ठेवू नये. कोंबडीला अंधारात दिसत नाही, दिवस मावळला की ती दांडीवर चढते ती उजाडेपर्यंत उतरत नाही, मग रात्री आत ठेवलेला दाणा खाणार कोण? उंदीर आणि घुशी. आणि उंदरांच्या मागून येणारे साप. एका पावसाळ्यात त्यांच्या खुराड्यात नाग निघाला होता आणि तो कोंबडीसाठी आलेला नव्हता, डब्याखाली बीळ केलेल्या उंदरांसाठी आला होता. पाण्याचेही तसेच. ते सांडते, तुसाची गादी भिजते, भिजल्या गादीतून अमोनियाचा असा उग्र दर्प सुटतो की सकाळी दार उघडल्यावर आपल्याच डोळ्यांना धारा लागतात, मग जन्मभर जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेणाऱ्या जिवाचे काय होत असेल. रक्ती हगवणीचे जंतूही ओलाव्यातच पिकतात. विष्ठेतून पडलेल्या त्यांच्या अंड्यांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती दुसऱ्या कोंबडीला लागण्याजोगी होतात. हे सगळे खरे आहे. पण माझे म्हणणे असे होते की ज्या घरात सकाळी दार उघडायला उशीर होऊ शकतो, किंवा पाऊस दहा-दहा दिवस कोंबडीला बाहेर पडू देत नाही, तिथे आत पाणी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. माझे म्हणणेही खरेच होते. फक्त 'आत ठेवले' म्हणजे काम झाले, असे मी धरून चालले.

भुरीला पेरूच्या झाडाखाली पुरल्यावर त्या संध्याकाळी मी खुराड्याच्या जाळीबाहेर पाट टाकून बसले. पाऊस पडतच होता. आमच्या कोंबड्यांत एक गिरिराज आहे. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ही जात गावठी कोंबडीच्या मानाने अंगापिंडाने चांगलीच थोराड असते. ती डब्यापाशी गेली, पोटभर खाल्ले आणि मग बाजूला न होता तिथेच, कोपऱ्याकडे पाठ करून, पिसे फुलवून बसली. तिच्या दोन्ही बाजूंना खुराड्याच्या भिंती होत्या आणि समोरून येण्यापुरतीच वाट होती. दुसरी आली, तिला वाट मिळाली. तिसरी तिरकी होऊन शिरली. सहावी-सातवी येईपर्यंत त्या वाटेवर चोची बसू लागल्या आणि शेवटच्या दोघी पुढे आल्याच नाहीत. त्या दांडीखाली उभ्या राहून, डब्याकडे पाहतही नव्हत्या. ज्या जागी आपल्याला काही मिळणार नाही, हे पक्के ठाऊक झालेले असते, त्या जागेकडे जीव पाहायचेही सोडून देतो, हे मी त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने १९२२ साली याच गोष्टीवर लिहिले होते. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्यांकडे बघत असे, कोण कोणाला टोचते याची टिपणे ठेवत असे, आणि त्यातून त्याला दिसले की कळपातल्या प्रत्येकीची एक पायरी ठरलेली असते. वरची खालचीला टोचते आणि सगळ्यांत खालची कोणालाच टोचू शकत नाही. मोकळ्या परसात या उतरंडीचा जाच फार होत नाही. भुरी एरवी सगळ्यांपासून दूर, फणसाच्या पाल्यात एकटीच उकरत असायची. वाळवी, गांडुळे, गळून पडलेले आठळे, जे मिळेल ते टिपायची. बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला रोज पन्नासएक ग्रॅम दाणा वरून दिला तरी बाकीचे ती स्वतः मिळवते. परस बंद झाले आणि सगळ्यांचे जगणे एका कोपऱ्यातल्या एका डब्यावर आले, तेव्हा त्या उतरंडीची शेवटची पायरी किती खोल असते ते कळले. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पर्यवेक्षकांनी मला धीर देण्यासाठी सांगितले की कदाचित ती आधीच आजारी असेल आणि आजारी कोंबडीला बाकीच्या आधी बाजूला ढकलतात. असेलही. पण मग आजारी असलेलीच्या जवळ दाणा पोहोचवणे हे अधिकच माझे काम नव्हते का?

मला दुष्काळातली विहीर आठवली. टँकर आला की तो विहिरीत पाणी सोडून निघून जाई, आणि मग काठावर पोहऱ्यांची झुंबड उडे. टँकर भरूनच यायचा, पाणी गावाच्या माणसांना मोजूनच यायचे, तरी वाडीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी पोहोचेपर्यंत विहिरीच्या तळाचा गाळच पोहऱ्यात येत असे. आजी आपल्या घागरीतले तांब्याभर पाणी तिला देई. ते पाहून मला आजीचा अभिमान वाटत असे. आपला पोहरा तिच्याही आधी पडला होता, हे मात्र मला कितीतरी वर्षांनी सुचले.

आजीचे दाणे लांबवर फेकून पसरणेही मला तेव्हाच उमगले. मी समजत होते की ते उन्हासाठी आहे. ते उन्हासाठी होतेच, पण वीस हात लांबीवर पसरलेल्या दाण्यांवर कोणतीही एक कोंबडी पहारा देऊ शकत नाही. "दाण्याला ऊन" हे वाक्य मी सोबत आणले, त्यातले अंगण मात्र मागेच राहिले.

सप्टेंबरमध्ये मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस द्यायची होती. ही लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून देता येते. तिच्यासाठी क्लोरिन नसलेले विहिरीचे पाणी लागते, त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी विरघळवतात, आणि त्याआधी दोन-अडीच तास कोंबड्यांना तहानलेल्या ठेवावे लागते, म्हणजे लस घातलेले पाणी त्या झटपट पिऊन टाकतात. पर्यवेक्षक आले, त्यांनी माझा एकुलता ड्रिंकर पाहिला आणि आधी आणखी भांडी आणायला सांगितली. "ताई, सगळ्यांना एकाच वेळी चोच बुडवता आली पाहिजे. एकीने जरी पाणी घेतले नाही, तर रोगाला तेवढे दार पुरते." मी स्वयंपाकघरातून तीन परातवजा थाळ्या आणल्या, त्यांत खडे टाकले आणि पडवीत लांब लांब ठेवल्या. दहाही कोंबड्या एकदम तुटून पडल्या. काजळी नावाची आमची सगळ्यांत भित्री तलंग आधी दोन थाळ्यांवरून हाकलली गेली आणि तिसरीवर पोहोचली. ती इतकी पाणी प्याली की तिच्या मानेच्या पिसांवरून थेंब ओघळत होते. मी त्या थाळ्या परत आत नेल्या नाहीत.

आता पडवीच्या लांब भिंतीलगत, कोपरे सोडून, भरड्याचे दोन डबे वाशाला दोरीने टांगलेले आहेत. त्यांचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येतो, त्यामुळे तिला मान वाकवून टिपता येते आणि पायाने उकरून नासता येत नाही. पाणी पलीकडच्या टोकाला, तीन जागी, विटांवर ठेवलेले आहे आणि वर कोणाचीही दांडी नाही, नाहीतर रात्रभराची विष्ठा सकाळी पाण्यात दिसते. दिवस मावळताना डबे उतरवून माळ्यावर जातात. पावसाची झड लागली तर खुराड्यात दोन विरुद्ध भिंतींना दोन छोटे डबे, आणि तेही फक्त उजेड असेपर्यंत. पिले असतील तेव्हा त्यांचे पाणी वेगळे, बशीत, गोटे घालून, म्हणजे ती बुडत नाहीत.

एका गोष्टीशी मात्र माझे मन अजून जुळलेले नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि त्यानंतर सगळीकडून एकच सांगणे आले की कोंबड्यांचे अन्नपाणी उघड्यावर ठेवू नका, रानपाखरांची विष्ठा त्यात पडू देऊ नका. सांगणे योग्यच आहे आणि मी ते पाळते. म्हणून तर माझी सगळी भांडी छपराखाली, जाळीच्या आत आहेत. पण उन्हाळ्यात बुलबुल आणि चिमण्या जाळीवर येऊन बसतात आणि आतल्या पाण्याकडे मान तिरकी करून पाहतात, तेव्हा मला कडुनिंबाखालचा तो लंगडा कावळा आठवतो. मी त्यांच्यासाठी घराच्या पुढच्या अंगाला, चाफ्याच्या फांदीला वेगळे परळ टांगले आहे आणि ते रोज घासते. पाखरे तिथे येतात. तरीही एकाच काठावर सगळ्यांनी चोच बुडवण्याचे ते दृश्य मी मोडले, ही रुखरुख आहे.

आणखी एक सवय लागली आहे. रात्री जेवणे आटोपली की मी बॅटरी न लावता खुराड्यात हात घालते. अंधारात कोंबड्या घाबरत नाहीत, नुसत्या घशातल्या घशात कुरकुरतात. प्रत्येकीच्या गळ्याखाली उजव्या अंगाला दाण्यांची पिशवी असते, आजी तिला पोटळी म्हणत असे. दिवसभराचे खाणे रात्री तिथे साठलेले असते आणि बोटांनी ते स्पष्ट कळते. पूर्वी मी दाराजवळच्या गिरिराजपासून सुरुवात केली असती, कारण तिच्यापर्यंत हात सहज जातो. आता खांद्यापर्यंत हात आत घालून दांडीच्या पार पलीकडच्या टोकापासून सुरुवात करते. तिथे काजळी बसते. काल रात्री बाहेर पाऊस होता. माझी बोटे लागताच तिने मान थोडी उचलली, आणि तिच्या पिसांखाली लिंबाएवढी ती पोटळी कोमट, टणक आणि भरलेली होती.